वर्गात बाई कोण आहेत?

दसरा झाला की सिंहगड रस्त्यावर फलक दिसू लागतात. प्लेग्रुप, नर्सरी, ज्युनिअर केजी, सीनिअर केजी. प्रवेश सुरू. फलकावर हसरं मूल, त्याच्या हातात रंगांचा ब्रश, खाली मोबाइल नंबर. वडगाव बुद्रुकपासून धायरी फाट्यापर्यंत रिक्षाने गेलं तरी अशा शाळांची नावं मोजता मोजता मागे पडतात. एखादी बंगल्याच्या तळमजल्यावर, एखादी सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये, तर एखादी दुकानाच्या गाळ्यात, शटरच्या मागे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पुढच्या जूनच्या जागा भरायला लागलेल्या असतील.

संपादकांनी यंदाचा विषय 'पहिलं पाऊल' असा दिला. मी ठरवलं, आईवडील शाळा बघायला जातात तेव्हा त्यांच्या बरोबर जायचं. ते काय विचारतात, त्यांना काय दाखवलं जातं आणि ते गेल्यावर वर्गात काय चालतं, हे बघायचं. नर्‍ह्यातल्या एका कुटुंबाने मला बरोबर घेतलं. आई बँकेत, वडील खराडीच्या एका कंपनीत, लेक अडीच वर्षांची. तिला सांभाळायला आजी सातार्‍याहून आलेल्या, पण उन्हाळ्यात त्या परत जाणार. घरी आजोबा एकटे आहेत. म्हणजे जूनपर्यंत शाळा ठरायलाच हवी होती.

टेबलाच्या दोन बाजू

पहिली शाळा बंगल्यातली. पायर्‍यांना रंग दिलेले, दाराशी सॅनिटायझर, आत एसी. टेबलाच्या पलीकडे कौन्सेलर म्हणून नेमलेली तरुण मुलगी. तिच्याकडे चकचकीत फोल्डर. तिने एकेक पान उलटत सांगायला सुरुवात केली: थीमनुसार शिकणं, फोनिक्स, बुद्धिमत्तेचे प्रकार, वर्षातून दोन सहली, वार्षिक स्नेहसंमेलन. मग फी. पुण्याच्या या भागात मी वर्षाला तीस-पस्तीस हजारांपासून लाखाच्या पुढपर्यंतचे आकडे ऐकले. गणवेश, किट आणि व्हॅन वेगळी.

वडिलांनी विचारलं, कॅमेरे आहेत का, मोबाइलवर दिसतात का. व्हॅनमध्ये बाई असते का. इथून पुढे पहिलीला कुठल्या शाळेत मुलं जातात. आईने विचारलं शी-शूचं, डब्याचं, आजारी पडली तर फोन कोण करतं याचं. सगळे प्रश्न रास्त होते. कौन्सेलरकडे प्रत्येकाचं उत्तर तयार होतं.

आजी इतका वेळ भिंतीवरचा प्राण्यांचा तक्ता बघत बसल्या होत्या. त्यांनी मध्येच विचारलं, "बाई, दुपारी ती रडायला लागली तर तिला घेतं कोण?"

कौन्सेलर म्हणाली, "आजी, आमचा सगळा स्टाफ ट्रेन्ड आहे."

"ते असू दे. पण घेतं कोण? एकच बाई असते का, रोज दुसरी?"

या प्रश्नाचं उत्तर फोल्डरमध्ये नव्हतं. त्या टेबलाशी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांत हा एकच थेट त्या मुलीच्या दिवसाबद्दल होता, असं मला वाटतं. शाळा बघायला गेल्यावर आपल्याला जे दाखवलं जातं ते आपल्यासाठी, मोठ्यांसाठी केलेलं असतं. एसी, फोल्डर, भिंतीवरची चित्रं, मोबाइलवर दिसणारा कॅमेरा. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला भिंत फार दिसत नाही. त्याला बाई दिसतात. आपल्याशी बोलताना त्या खाली बसतात की उभ्या राहूनच बोलतात, हे त्याला कळतं. रडू आल्यावर जवळ कोण येतं, हे त्याला पहिल्याच आठवड्यात पाठ होतं.

म्हणून पालकांना बोल लावावा असं मला वाटत नाही. दोघंही नोकरी करतात, घर चौथ्या-पाचव्या मजल्यावर, शेजारी कुलूप. मुलाला पहिल्यांदाच अनोळखी माणसांच्या हाती सोपवायचं असतं. अशा वेळी डोळ्यांना दिसेल त्याचाच आधार घेतला जातो. त्यात घाई असते ती पहिलीची. शहरातल्या नावाजलेल्या शाळांचे स्वतःचे शिशुवर्ग असतात आणि पहिलीच्या बहुतेक जागा तिथूनच भरतात. त्यामुळे नर्सरी निवडताना दहावीपर्यंतचीच निवड आपण करतोय असं आईवडिलांना वाटतं, आणि बर्‍याचदा ते खरंही असतं. महाराष्ट्रात वयाची अट 31 डिसेंबरची: त्या तारखेला नर्सरीसाठी तीन वर्षं पूर्ण, पहिलीसाठी सहा. मूल डिसेंबरात जन्मलं की जानेवारीत, यावर अख्खं वर्ष पुढे-मागे होतं. प्रवेशाच्या दिवसांत पालकांच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो.

मुलाखतीचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी आहे. पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत. त्याच्याही आधी, 1993 साली यशपाल समितीने नर्सरीच्या प्रवेशपरीक्षा बंद करा असं सांगितलं होतं, आणि 1996 साली महाराष्ट्राने पूर्वप्राथमिक प्रवेशांसाठी स्वतःचा कायदाही केला. तरी 'इंटरॅक्शन' नावाने मुलाला रंग विचारले जातात, आणि अर्जावर आईवडिलांचं शिक्षण आणि पगार यांचे रकाने असतात. तीन वर्षांच्या मुलाने अनोळखी खोलीत अनोळखी माणसाला 'यलो' म्हणून दाखवलं नाही, तर त्यावरून त्याच्याविषयी काहीही कळत नाही. ते घाबरलं आहे, एवढंच कळतं.

मनगट अजून तयार व्हायचं असतं

मला जे बघायचं होतं ते कार्यालयात दिसणारं नव्हतं. एका नर्सरीच्या बाईंनी वर्गात मागे बसू दिलं. मुलं बावीस, बाई एक, मावशी एक. सकाळची गाणी झाली, ती इंग्रजी. मग पान वाटलं. पानावर ठिपक्यांचा 'ए'. पेन्सिलीने ठिपके जोडायचे.

माझ्याजवळ बसलेल्या मुलाने पेन्सिल मुठीत धरली, पाचही बोटांनी. त्याचा खांदा हलत होता, कोपर हलत होतं, मनगट मात्र ताठ. ठिपक्यावरून रेघ गेली ती थेट पानाबाहेर. त्याने पुन्हा दाब दिला तेव्हा कागद फाटला. त्याने फाटलेल्या जागेवर तळहात ठेवला आणि बाईंकडे बघितलं. बाई मागून आल्या, त्याची मूठ आपल्या हातात धरून फिरवली आणि 'ए' पूर्ण केला. पानावर तारा मिळाला. मुलाने तार्‍याकडे बघितलंसुद्धा नाही, तो बाईंच्या बांगड्या फिरवत बसला होता.

त्याच्या मनगटात त्या वेळी काय असतं ते सांगते. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती हाडं नसतात, कूर्चा असते. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडं धरू लागतात, दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आणखी दोन, चार ते सहाच्या दरम्यान तीन, आणि शेवटचं वाटाण्याएवढं हाड आठ ते बाराच्या दरम्यान. तीन वर्षांच्या मुलाच्या हाताच्या एक्स-रेत मनगटाच्या जागी तीन-चार ठिपकेच दिसतात, बाकी जागा मोकळी. त्याच्या हाताने लिहायचं कसं?

त्या हाताला पेन्सिलीआधी दुसरी कामं द्यायला हवीत. कणीक मळणं, मटार सोलणं, पाणी एका भांड्यातून दुसर्‍यात ओतणं, चिंचोके वेचणं, ओल्या मातीचे गोळे करणं, झाडाला लोंबकळणं. खांदा, कोपर, मनगट, बोटं या क्रमाने ताकद येते. ती आली की पाचव्या-सहाव्या वर्षी तोच 'ए' काही दिवसांत वळतो, आणि कागद फाटत नाही.

वर्ग सुटल्यावर मी बाईंना विचारलं, हे पान कशासाठी? त्या नाराज झाल्या नाहीत. म्हणाल्या, "मला माहीत आहे ताई, हे या वयाचं काम नाही. मी कोर्स केलाय. पण शुक्रवारी फोल्डर घरी जातं. त्यात पानं नसली की पालकांचा मेसेज येतो, आठवडाभर नुसतं खेळवलंत का?"

पालक विचारतात म्हणून शाळा पान देते, आणि शाळा पान देते म्हणून पालक तेच विचारतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत स्तर मानला. 2022 साली आलेल्या त्या स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळ हाच शिकण्याचा मार्ग आणि घरची भाषा हेच माध्यम असावं, असं स्पष्ट सांगितलं. आराखडा शाळांकडे पोहोचला आहे. शुक्रवारचं फोल्डर उघडणार्‍या आईबाबांपर्यंत तो पोहोचलेला मला दिसला नाही.

भाषेचंही त्याच वर्गात बघितलं. बाई मराठी, मावशी मराठी, बावीसपैकी बहुतेक मुलं मराठी. वर्गात मात्र सिट डाउन, स्टँड इन अ लाइन, फिंगर ऑन युवर लिप्स, फिनिश युवर टिफिन. पावणेतीन तासांत बाईंनी मुलांशी जे इंग्रजी बोललं ते जवळजवळ सगळं हुकमाचं होतं. एका मुलीला काल घरी आलेल्या मांजरीच्या पिल्लाबद्दल सांगायचं होतं. ती मराठीत सुरू झाली, "बाई, आमच्याकडे ना, एक…" बाई म्हणाल्या, "इन इंग्लिश, बेटा." मुलगी थांबली. पिल्लू राहून गेलं. त्या वयात शब्द वाढतात ते असं काहीतरी सांगून, ऐकून आणि पुन्हा सांगून. इंग्रजी यावं ही इच्छा चुकीची नाही, माझीही माझ्या मुलांसाठी होती. पण ते शिकायला पुढे वर्षं पडली आहेत. पिल्लाबद्दल सांगायची वेळ त्या दिवशीच होती.

बोर्डी, कोसबाड आणि आजचा बंगला

महाराष्ट्राने हा सगळा विचार फार आधी केला होता, हे मला त्या वर्गात बसल्यावर राहून राहून आठवत होतं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करत होत्या. 1926 साली या दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. माँटेसरी बाईंची पद्धत त्यांनी उचलली, पण परदेशी साधनं आपल्याला परवडणारी नाहीत हे ताराबाईंनी ओळखलं. शंख, शिंपले, बिया, काड्या, दगड, कुंभाराची माती यांतून त्यांनी साधनं केली. 1945 साली त्या बोर्डीला गेल्या. गरिबांच्या वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडी वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, त्यांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. अंगणवाडी ती हीच. पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी वारली मुलांसाठी काम केलं. गुरं राखायला जाणार्‍या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली.

अनुताईंनी आणि रमेश पानसे यांनी 1982 साली ग्राममंगल सुरू केलं. पुण्यात शोभा भागवतांनी गरवारे बालभवन उभं केलं, कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालय. एवढं सगळं इथल्या मातीत झालेलं असताना आज बंगल्यावर 'माँटेसरी' अशी पाटी दिसते आणि आत ठिपक्यांचा 'ए' असतो. हे नाव कुणालाही लावता येतं, त्याला परवानगी लागत नाही. म्हणून पाटी वाचून थांबू नये. आत गेल्यावर साधनं मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर आहेत का, ती वापरून झिजलेली आहेत का, की काचेच्या कपाटात नवी कोरी आहेत, हे बघावं. झिजलेलं साधन ही त्या वर्गाची उत्तम शिफारस आहे.

दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँचायझीच्या साखळ्या आल्या आणि गल्लोगल्ली पोहोचल्या. त्यांनी स्वच्छ खोल्या, ठरलेला अभ्यासक्रम, छापील साहित्य आणलं, ते नाकारता येणार नाही. पण केंद्र चालवणार्‍याला नावासाठी पैसे द्यावे लागतात, जागेचं भाडं असतं, जाहिरात असते. हे सगळं भागवून जे उरतं त्यातून बाईंचा पगार होतो.

शेजारची अंगणवाडी

त्याच बंगल्यापासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या गावठाणात, अंगणवाडी आहे. भाड्याची खोली, पत्र्याचं छप्पर, दारात चपलांची रांग. एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. आज महाराष्ट्रात अशा एक लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. सोसायटीतल्या एकाही आईबाबांनी मला या अंगणवाडीचं नाव सांगितलं नाही. ती आहे हेच कित्येकांना माहीत नव्हतं.

मी गेले तेव्हा ताई मुलांबरोबर जमिनीवर बसल्या होत्या. मध्ये तांदूळ पसरलेलं ताट. प्रत्येक मूल त्यात बोटाने काहीतरी काढत होतं, पुसत होतं, पुन्हा काढत होतं. एक म्हणाला, "हा माझा बैल." दुसरी म्हणाली, "बैलाला पाय चार." ताई म्हणाल्या, "मग मोज की, किती झाले?" पाच झाले होते. एक पुसला गेला. राज्याने अंगणवाडीसाठी केलेल्या 'आकार' अभ्यासक्रमात अशाच कृती आहेत, आणि ताईंनी त्या पाठ करून म्हणाव्यात तशा नाही, आपल्या करून घेतल्या होत्या.

मग त्यांचा फोन वाजला. पोषण ट्रॅकरवर वजनं भरायची राहिली होती. ताट बाजूला गेलं. वजन, उंची, गरम आहार, घरी न्यायचा आहार, लसीकरणाचा दिवस, गरोदर बायांची नोंद, वरून आलेलं कुठलं तरी सर्वेक्षण. बैलाला उरलेला वेळ मिळतो. 2023 च्या डिसेंबरात राज्यभरच्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस मानधनवाढीसाठी संपावर गेल्या होत्या. तो संप जानेवारीत मिटला. त्या काळात कुलूप लागलेल्या खोल्यांची बातमी झाली. कुलूप नसताना त्या खोलीत काय चालतं, ते फार थोड्या लोकांनी बघितलं आहे.

सोसायटीत पोळ्या करणार्‍या एका बाईंचा मुलगा या अंगणवाडीच्या पटावर आहे, आहार तिथूनच येतो. पण सकाळी तो जातो गल्लीतल्या इंग्रजी नर्सरीत, महिना आठशे रुपये भरून. मी विचारलं, ताई चांगल्या आहेत ना? "चांगल्याच आहेत. पण तिकडं टाय आहे. पोरगा टाय लावून निघाला की सासूबाई गप्प बसतात." मी पुढे काही बोलले नाही. आठ घरी पोळ्या लाटून त्या महिन्याचे आठशे भरतात, आणि आपल्या मुलाने कुणापेक्षा मागे पडू नये म्हणून भरतात. एवढी ओढ असलेल्या आईला तांदळाच्या ताटातला बैल कुणी समजावून दाखवायला हवा होता. सोसायटीतल्या आईबाबांनी त्या अंगणवाडीत मुलं पाठवली असती, तर त्यांचं बघून त्यांनीही कदाचित पाठवला असता.

पगाराचा प्रश्न

खासगी शिशुवर्गातल्या बाईंना किती पगार मिळतो, हे पालक विचारत नाहीत. मला भेटलेल्या बायकांनी आठ ते बारा हजारांचे आकडे सांगितले. उन्हाळ्याच्या सुट्टीत काहींना तोही नाही. त्यांत वर्षभराचा कोर्स केलेल्या होत्या, पदवीधर होत्या, आणि 'मुलं आवडतात' एवढ्यावर घेतलेल्याही होत्या. शेजारच्या शाळेने दीड हजार जास्त दिले की त्या जातात. त्यांनी का जाऊ नये?

पण तीन वर्षांच्या मुलासाठी ऑक्टोबरात बाई बदलणं म्हणजे काय, ते बघा. जूनमध्ये तो रडत आला. जुलैत त्या बाईंच्या ओढणीचं टोक धरून बसू लागला. ऑगस्टमध्ये त्याला कळलं की आई जाते आणि परत येते, मध्ये या बाई असतात. मग एका सोमवारी त्या नसतात. कुणी काही सांगत नाही. घरी तो पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतो आणि आईबाबा डॉक्टरांकडे जातात.

2013 च्या राष्ट्रीय बाल्यावस्था धोरणासोबतच्या मानकांत तीन ते सहा वयासाठी वीस मुलांमागे एक मोठं माणूस, तीनच्या आतल्यांसाठी दहामागे एक, तीस मुलांसाठी किमान पस्तीस चौरस मीटरची खोली आणि तीस चौरस मीटर मोकळी जागा असं म्हटलं आहे. दिवस तीन-चार तासांचा. यातली खोली पालकांना पावलांनी मोजता येते, मुलंही मोजता येतात. बाई किती वर्षं आहेत ते विचारता येतं. 2025 मध्ये शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं, तीही झाली आहे का ते विचारता येतं. आणि अर्धा तास वर्गात मागे बसू द्या, असं म्हणता येतं. नाही म्हणणारी शाळा का नाही म्हणते, त्याचा विचार करावा. मुलं घाबरतील हे कारण मला पटलेलं नाही. मी बसले त्या प्रत्येक वर्गात पाच मिनिटांत मुलं मला विसरली होती.

नर्‍ह्याच्या घरी

आजींना आवडली ती जुन्या ट्रस्टची मराठी बालवाडी. बाई अठरा वर्षं तिथेच. मैदानात कडुनिंब, वाळूचा हौद, वाळूत चाळण्या आणि डबे. नात आत शिरली ती हौदातून बाहेर यायला तयार होईना. सगळ्यांचं मन तिथेच बसलं होतं. पण बालवाडी साडेअकराला सुटते. पाळणाघर जवळ नाही. आईची बँक सहापर्यंत, येताना नवले पुलाची गर्दी. आजी मेमध्ये जाणार. रात्री उशिरापर्यंत हिशेब झाले. आजींनी आणखी एक वर्ष थांबायची तयारी दाखवली, तेव्हा सुनेनेच नको म्हटलं. "आई, बाबांचं वय आहे आता. तुम्ही तिकडेच हव्यात."

शेवटी त्यांनी पाळणाघर असलेलं केंद्र निवडलं, घरापासून दोन चौक. फोल्डर तिथेही होतं. पण या वेळी वडिलांनी आधी वर्ग बघायला मागितला आणि आई अर्धा तास मागे बसली. मुलं अठरा, बाई दोन. एक रडत होता त्याला बाईंनी कडेवर घेऊनच गोष्ट सांगितली, मराठीत. लिहायची पानं सीनिअर केजीपर्यंत देत नाही, असं केंद्रचालक म्हणाल्या आणि कपाटातली मुलांच्या कामाची पाकिटं उघडून दाखवली. त्यात ठिपके नव्हते.

अर्जासोबत त्यांनी एक पत्र दिलं. वडिलांनी लिहिलेलं, आजींनी सांगितलेलं. बाई सोडून जाणार असतील तर आम्हाला आधी कळवा, आणि नव्या बाईंना निदान आठवडाभर जुन्या बाईंबरोबर वर्गात बसू द्या. केंद्रचालकांनी ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, आजवर कुणी मागितलं नव्हतं, पण आठवड्याचा जादा पगार द्यावा लागेल, तो मी देईन. आणि तुमच्या एकट्यांसाठी कशाला, सगळ्याच वर्गांना लावू या. मग त्यांनी वर्गाच्या बाईंना बोलावून घेतलं आणि पत्र त्यांच्या हाती दिलं.